मनाला सांगणे आणि मनाचे ऐकणे



ज्या शाळेत पाटीवर अक्षर गिरवले, त्याच शाळेने सत्तरी उलटल्यावर व्याख्यानाला बोलवावे, यापेक्षा मोठा सन्मान शिक्षकाच्या वाट्याला येत नाही. आमच्या काळी घरात मराठी, गल्लीत मालवी आणि वर्गात हिंदी अशी तीन भाषांची आमची शिदोरी होती. एका भाषेत रडू आवरले की दुसऱ्या भाषेत भांडायला आम्ही मोकळे! शिवाय 'अभिधान राजेंद्र कोश' रचणाऱ्या राजेंद्रसूरींनी १९०६ साली याच राजगढात देह ठेवला. सात खंडांचा शब्दकोश करणाऱ्या पुरुषाची ही भूमी असल्याने, येथे शब्दांविषयी बोलायला मला संकोच वाटत नाही.

निमंत्रणपत्रात विषय माझ्यावर सोपवला होता. संतकाव्यावर मी बोलावे, अशी अनेकांची अपेक्षा असणार, कारण माझा पीएच.डी.चा प्रबंध संतांनी मनाला उद्देशून केलेल्या रचनांवर आहे. आज मी बोलणार आहे मानसोपचारावर. बदलू पाहणाऱ्या माणसाला त्याची मदत कशी होते, यावर. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. या विषयाशी माझा संबंध रुग्ण म्हणून आला, आणि त्याआधी एक अपराधी म्हणून आला. अपराधाचे आधी सांगतो, कारण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्याशीच तो निगडित आहे.

त्यांचे नाव आजच्या पत्रिकेवर आहे. आम्ही मात्र त्यांना आयुष्यभर 'मास्तर' म्हणत आलो, आणि मीही तसेच म्हणणार. मास्तरांनी निवृत्तीनंतर घराबाहेर पडणे हळूहळू सोडले, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. 'मास्तर विरक्त झाले' असे गाव म्हणत असे. ते विरक्त झालेले नव्हते. १९८८ च्या दिवाळीत मी भेटायला गेलो, तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि ते भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. दाढी वाढलेली, अंगात मळकी बंडी. ज्यांचे धोतर कधी चुरगळलेले पाहिले नाही, ते हे मास्तर! मी अडतीस वर्षांचा, नव्याने डॉक्टरेट मिळालेला प्राध्यापक. मी खाटेजवळ बसून त्यांना तासभर उपदेश केला. मनाच्या श्लोकांचे दाखले दिले. मन खंबीर करा, म्हटले. तुम्हीच आम्हांला शिकवलेत आणि तुम्हीच असे, असेही म्हटले. त्यांनी एकदाच मान वळवली आणि म्हणाले, "अरे, हे सगळे मला पाठ आहे."

त्यानंतर माझे जाणे झाले नाही. काही वर्षांनी ते गेले. ही हकिगत येथे सांगण्याआधी मी त्यांच्या कन्येची परवानगी घेतली. "सांगा," त्या म्हणाल्या. "बाबांना काय झाले होते ते आम्हांला तेव्हा कुणी सांगितले नाही. निदान आता गावाला कळू दे."

मित्रहो, मास्तरांना जे झाले होते त्याला नैराश्य म्हणतात. त्यावर १९८८ सालीही उपचार होते. मग मला, शिकलेल्या माणसाला, ते का सुचले नाही? याचे उत्तर मी आपल्या भाषेत शोधले. मराठीत मनाविषयी शब्दांची चंगळ आहे. आपण मन मोकळे करतो, मन मारतो, मनात मांडे खातो, मनावर घेतो आणि मनातून उतरतो. पण दुसऱ्याचे मन दुखावले असता आपण त्याला काय सांगतो ते पाहा. मन घट्ट कर. मनावर घेऊ नकोस. मनाला लावून घेऊ नकोस. सगळी आज्ञार्थी रूपे! घट्ट कसे करायचे, हे कुणी सांगत नाही. आणि मन अगदीच हाताबाहेर गेले तर भाषा थेट गावांची नावे घेते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, रत्नागिरी, आपल्याकडे आग्रा. 'याला आग्र्याला पाठवा' हे वाक्य या शाळेच्या पटांगणात मीच किती वेळा उच्चारले असेल! 'मन घट्ट कर' आणि 'आग्र्याला पाठवा' यांच्या मधल्या प्रदेशात आपल्यापैकी बहुतेक सगळे जगतो, आणि त्या प्रदेशासाठी आपल्यापाशी शब्द नव्हता. मानसोपचाराचे क्षेत्र नेमके तेच आहे.

आता माझे रुग्णपण. २०१२ साली माझी पत्नी वारली. पुढचे वर्ष मी कसे काढले ते सांगत बसत नाही. झोप गेली, वाचन गेले, आणि मुळातला तापट स्वभाव असह्य झाला. एके दिवशी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्याशी बोलताना मला सारखे पेपर तपासून घेतल्यासारखे वाटते. आता माझ्याच्याने होत नाही." त्यानंतर तिचे फोन महिन्यावर गेले. मी पुण्यात होतो. एका जुन्या सहकाऱ्याने जवळजवळ ओढून मला एका मानसोपचार केंद्रात नेले.

समोर बसलेल्या बाई वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. मी पहिल्या भेटीत त्यांच्या बोलण्यातली व्याकरणाची एक चूक दुरुस्त केली. त्यांनी ती वहीत टिपून घेतली आणि "धन्यवाद, सर" म्हणाल्या. त्या उपरोधाने म्हणाल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच मी ओशाळलो.

येथे थोडे शास्त्राचे सांगायला हवे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि ते औषधे देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. बोलून बरे करण्याची ही कल्पना आधुनिक रूपात व्हिएन्नात जन्मली. १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयर नावाच्या डॉक्टरांनी एका तरुण स्त्रीवर उपचार केले. 'बोलण्याचा उपचार' हे नाव त्या रुग्ण स्त्रीनेच दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. फ्रॉइड यांनी त्यावर पुढे मोठी इमारत उभारली. आपल्याकडे कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली, आणि त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार चालत असे. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी वेगळाच मुद्दा पुढे आणला. उपचार करणाऱ्याने समोरच्याचा मनापासून आणि विनाअट स्वीकार करावा, त्याचे लक्षपूर्वक ऐकावे. बदलाची शक्ती त्या माणसात असतेच, असे ते मानीत. हे वाचताना मला रामदास आठवले. २०५ मनाच्या श्लोकांवर मी वर्षानुवर्षे तास घेतले, पण रामदास मनाला आधी सज्जन मानून हाक मारतात आणि मग सांगतात, हा क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता. मास्तरांच्या खाटेपाशी मी सांगायचे तेवढे सांगितले. हाक मारली नाही.

माझ्यावर जे उपचार झाले ते अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीने. एलिस हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ. मनोविश्लेषणाला कंटाळून त्यांनी १९५५ च्या सुमारास स्वतःची पद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि आपल्याकडे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेनेही ती मराठी घराघरांत नेली. पद्धतीचे सूत्र तसे जुने आहे. गुलामगिरीतून वर आलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाचे ऋण एलिस स्वतः मान्य करीत. घटना घडते आणि आपल्याला दुःख होते, असे आपण समजतो. मधली एक पायरी आपल्या नजरेतून निसटते, ती म्हणजे त्या घटनेविषयी आपण स्वतःशी काय बोललो. त्या बोलण्यात बदल करता येतो.

हे मला बाईंनी व्याख्यान देऊन शिकवले नाही. तिसऱ्या भेटीत मी तावातावाने बोलत होतो. मुलीने असे बोलायलाच नको होते, तिला एवढे तरी कळायलाच हवे होते, बापाशी असे वागायचेच नसते, वगैरे. त्यांनी मध्येच विचारले, "सर, व्याकरणात हा 'च' कोण?" मी म्हणालो, "शब्दयोगी अव्यय. पण त्याच्यामुळे आधीच्या शब्दाचे सामान्यरूप होत नाही, म्हणून शुद्ध शब्दयोगी." त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तो तुमच्या मनात कुठेकुठे येतो, तेवढे लिहून आणाल?"

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला. चौसष्टाव्या वर्षी मला हा मिळाला, आणि सांगायला लाज वाटत नाही की मी तो मन लावून केला. आठवड्याची नोंद पाहिली आणि थक्क झालो. रिक्षावाल्याने सुटे पैसे ठेवायलाच हवेत. वर्तमानपत्राने शुद्ध छापायलाच हवे. माझ्याकडून चूक होताच कामा नये. पानभर 'च' होते! एलिस यांचे सगळे निदान याच अक्षरात सामावले आहे. माणसाने इच्छा धरावी, तीव्र इच्छा धरावी. त्यात काही वावगे नाही. मुलीने समजून घेतले असते तर किती बरे झाले असते, ही इच्छा. तिने समजून घ्यायलाच हवे, ही मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते. मागणी पुरी झाली नाही तर माणूस पेटतो किंवा कोसळतो. आपण स्वतःकडून, इतरांकडून आणि जगाकडून अशा मागण्या करत असतो.

येथे एक खुलासा करतो, कारण या बाबतीत फार घोटाळा होतो. पत्नी गेल्याचे माझे दुःख उपचारांनी कमी केले नाही, करायचा प्रयत्नही केला नाही. ते दुःख खरे होते आणि त्याला तेथे मान होता. गेले ते या जोडीला मी लावून घेतलेले दुसरे ओझे : मी तिच्याआधी जायलाच हवे होते, डॉक्टरांकडे चार दिवस आधी न्यायलाच हवे होते. हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'सकारात्मक विचार करा' असा जो घोशा चालतो, त्याचा या उपचाराशी काही संबंध नाही. सगळे छान होईल, असे बाई मला एकदाही म्हणाल्या नाहीत.

समजले म्हणजे बदल झाला, असेही नाही. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला हा मोठाच धक्का होता. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बसले आणि बाकावर एकट्या बसलेल्या शंभरएक स्त्रियांशी स्वतःहून बोलले. एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. म्हणून या पद्धतीत कृतीचे गृहपाठ असतात. माझी भीती कोणती? लेखी चूक होण्याची. बाईंनी सुचवले की एका पत्रात जाणूनबुजून एक चूक करून ते पत्र टाकावे. मी संतापलो. दोन आठवडे टाळले. शेवटी एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीच्या लग्नानिमित्त शुभेच्छापत्र लिहिले आणि त्यात 'आर्शिवाद' असे लिहिले. पेटीत टाकताना हात थरथरला. दोन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी त्या विद्यार्थिनीचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला : "सर, तब्येत बरी आहे ना?"

तुम्ही हसता आहात. मीही हसलो, किती महिन्यांनी ते ठाऊक नाही.

मुलीच्या बाबतीत इतके सोपे झाले नाही. फोनवर दहा मिनिटे तिची एकही दुरुस्ती न करता ऐकायचे, एवढाच नेम होता. पहिल्या खेपेला तीन मिनिटांत मोडला. आजही मोडतो. फरक इतकाच की आता मोडल्यावर मी "चुकलो, तू बोल" म्हणतो, आणि ती बोलते. माझा स्वभाव पालटला असा दावा मी करणार नाही. उपचार एकंदर दीड वर्ष चालले.

बदलू इच्छिणाऱ्या माणसाच्या मनात न बदलण्याचीही इच्छा असते. उपचार करणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते. व्यसनाच्या क्षेत्रात ते उघड दिसते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या पाठबळावर १९८६ साली पुण्याला येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली त्या गेल्या, आणि २०२२ साली अनिल अवचटही गेले. काम चालू आहे. तेथे येणारा माणूस शपथ घ्यायला येत नाही. शपथा त्याने घरी पुष्कळ घेतलेल्या असतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या असतात. तेथे तो बोलायला, ऐकायला आणि आपल्यासारख्याच इतरांबरोबर राहायला शिकतो. बाहेर पडल्यावरही पाठपुरावा असतो. पुन्हा घसरला तर पुन्हा येतो. धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास करून अमेरिकेतील प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या दोघांनी १९८३ साली असे दाखवले की बदल एका झटक्यात होत नाही, तो पायऱ्यांनी होतो. बदलाचा विचारही मनात नसणे, मग घोळवणे, मग तयारी, कृती आणि ते टिकवणे. आणि बहुतेकांचा पाय एकदा तरी खालच्या पायरीवर येतो. ज्याच्या मनात विचार नुसता घोळतो आहे त्याला कृतीचा उपदेश केला की तो आणखी मागे सरतो. खाटेपाशी मी नेमके तेच केले होते. मास्तर तर व्यसनी नव्हते, आजारी होते. त्यांच्या बाबतीत माझी चूक दुप्पट झाली.

बदलाविषयी आपल्या माळव्याच्या मातीत एक उदाहरण आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ते मानसोपचाराचे नाही, हे आधीच कबूल करतो. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. वयाची पंचविशीही उलटली नव्हती आणि गाणे बंद. काही वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. खिडकीतून मालवी लोकगीते कानांवर येत, भानुमतीबाई सेवा करीत. औषधाने ते वाचले, पण फुप्फुसाची हानी व्हायची ती झाली. पुन्हा उभे राहिले तेव्हा पूर्वीच्या दमसासाचे गाणे शक्य नव्हते. त्यांनी त्या श्वासात मावेल असे आणि त्याच श्वासामुळे धारदार झालेले नवे गाणे घडवले. मानसोपचाराकडे येणारे अनेक जण म्हणतात, मला पूर्वीसारखे करा. मीही तेच म्हणालो होतो. पूर्वीसारखे होणे बहुधा शक्य नसते, आणि माझ्या बाबतीत तर ते इष्टही नव्हते.

आता मर्यादांचे. समोर तरुण मुले आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. बोलण्याचा उपचार हा सर्व दुखण्यांवरचा रामबाण नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधे लागतातच. हा 'च' मी राखून ठेवला आहे. तीव्र नैराश्यातही अनेकदा लागतात. ज्या सुनेला घरात मार बसतो, तिला विचार बदलायला सांगणे हा उपचार नव्हे, अन्याय आहे. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला समुपदेशन द्यावे, पण त्याच्या मालाला भाव नाही हे विसरू नये. शिवाय या व्यवसायात भोंदूही शिरले आहेत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. आपण सांगितलेले गुप्त राहावे, हा रुग्णाचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मान्य केला आहे.

आणखी एक अडचण अंतराची. पुण्यात मला चालत जाण्याच्या अंतरावर केंद्र मिळाले. राजगढच्या माणसाला बस धरावी लागेल. सरदारपूरच्या पुढच्या भिल्ल फाळ्यांतला माणूस तर बडव्याकडे जातो. बडव्याला मी हसत नाही. तो सगळ्या घरादाराला बसवून ऐकून घेतो, आणि तेवढे मी माझ्या गुरूंसाठी केले नव्हते. पण बडव्याला आजार ओळखता येईलच असे नाही, आणि मधली वर्षे वाया जातात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की निरनिराळ्या मानसिक आजारांत शेकडा ७० ते ९२ माणसांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

मग इतके तज्ज्ञ आणायचे कोठून? याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा ते आठ भेटी, बस्स. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातले शेकडा ६४ नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यातले ३९. पुढे हाच उपचार आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचा प्रयोग आपल्याच मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यात झाला. देवासहून भोपाळला जाताना वाटेत लागते ते सिहोर. काही जणींना तो मोबाइलवरून शिकवला गेला. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन करायला पैसे पडत नाहीत आणि हिंदीतही बोलता येते. पुस्तिकेत हा क्रमांक ठळक छापावा, अशी संपादकांना माझी विनंती आहे.

गोव्यातल्या त्या भेटींत काय करत असतील? मोठी तत्त्वचर्चा नाही. आपण समजतो, आधी मन ताळ्यावर येईल, मग माणूस कामाला लागेल. नैराश्यात हे उलटे करावे लागते. मनाची वाट न पाहता एखादी लहानशी कृती आधी करायची. अंघोळ, अंगणापर्यंत जाणे, शेजाऱ्याशी दोन शब्द. ती ठरवायची रुग्णाने, आणि पुढच्या भेटीत ती झाली की नाही हे समुपदेशकाने आस्थेने विचारायचे. झाली नाही तर रागवायचे नाही. आणखी लहान कृती शोधायची. हळूहळू मन मागून येते.

हे वाचले तेव्हा मी हिशेब मांडत बसलो. १९८८ साली मी तासभराच्या उपदेशाऐवजी मास्तरांना म्हटले असते, चला, ओट्यापर्यंत येता का? उद्या पुन्हा विचारीन. मी सुटीत पंधरा दिवस गावात होतो. एकदाच गेलो.

गेल्या महिन्यात परवानगी मागायला मास्तरांच्या कन्येकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. अखेरच्या दोन वर्षांत गल्लीतला एक मुलगा रोज संध्याकाळी वही घेऊन येई. त्याचे इंग्रजी व्याकरण कच्चे होते. तो मास्तरांना समजवायला येत नसे. मास्तर आजारी आहेत हेही त्याला नीटसे कळत नव्हते. दारात उभा राहून "मास्साब, ये बता दो" म्हणे. पहिले काही दिवस मास्तर उठले नाहीत. तो ओट्यावर बसून राही आणि अंधार पडला की निघून जाई. मग एका संध्याकाळी ते उठून ओट्यावर आले. पुढे ते अर्धा तास बसू लागले. "ज्या दिवशी तो यायचा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी बाबा रात्री जेवायचे." मुलगा दहावी होऊन पुढे शिकायला धारला गेला. त्याचे जाणे मास्तरांना कसे गेले, हे मी विचारले नाही.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे आणि येथे, तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेणार नाही, त्याला अवघडल्यासारखे होईल. सकाळी त्याने मला ती वही दाखवली. मास्तरांचे अक्षर मी चांगले ओळखतो. माझ्या वह्यांवर त्यांनी चुकलेला शब्द खोडून वर लाल शाईने लिहिलेला असे. या वहीत चुकलेले शब्द तसेच आहेत. शेजारी, बारीक आणि जरा कापऱ्या अक्षरात, बरोबर शब्द लिहिला आहे. शेवटच्या पानांवर अक्षर पुष्कळ स्थिर आहे.